आठ बाय आठची जागल

पट बुद्धिबळाचाच. आठ घरं आडवी, आठ उभी. त्यावर डोंगर, पाणी, जंगल आणि माणसं राहतात अशा इमारती. आपल्या बाजूला तीन लढाऊ यंत्रं आणि प्रत्येकात बसलेला एक चालक. समोर जमीन फोडून वर येणारे अवाढव्य किडे. चार-पाच पाळ्या कशाबशा निभावून न्यायच्या, की ती लढाई संपली. 'इनटू द ब्रीच' या व्हिडिओ गेमचं भांडवल एवढंच. 27 फेब्रुवारी 2018 रोजी तो संगणकावर आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निन्टेन्डो स्विचवर, आणि जुलै 2022 मध्ये नेटफ्लिक्सच्या सदस्यांसाठी मोबाइलवर. म्हणजे ज्या फोनवर आपण संत्र्याचे भाव बघतो, त्याच फोनवर.

माणूस आत बसून चालवतो अशा अजस्र यंत्राला या खेळांच्या दुनियेत 'मेक' म्हणतात. मेकचे खेळ पुष्कळ आहेत आणि त्यातले बहुतेक धडाधड गोळ्या झाडण्याचे आहेत. मला आवडतात ते पाळीपाळीने खेळायचे: आधी एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने, मध्ये हवा तेवढा वेळ घ्यायचा. घाई कोणी करत नाही. अशा खेळांत 'इनटू द ब्रीच' मला सगळ्यांत थोर वाटतो. अमरावती जिल्ह्यातल्या वरूडच्या वाचकाला तो लवकर कळेल असंही वाटतं, कारण रानडुकरांपायी रात्रभर शेतात जागल केलेल्या माणसाला राखण काय असते हे सांगावं लागत नाही. हा सगळा खेळ राखणीचा आहे.

त्याचं पहिलं वैशिष्ट्य असं, की शत्रू काहीच लपवत नाही. किडे आधी चालतात, आपापल्या जागा घेतात, कोण कोणत्या घरावर वार करणार हे पटावर उमटतं, आणि ते थांबतात. मग आपली पाळी. आपण तिन्ही मेक हलवून झाले, की ठरलेले वार होतात. बुद्धिबळात निम्मी झुंज समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखण्याची असते. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्या एका विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली. त्या दिवसांत आपल्याकडे ज्यांना घोड्याची चालही ठाऊक नव्हती असे लोक अंतिम सामन्याचे डाव बघत होते. त्या चौसष्ट घरांवर मन लपलेलं असतं. या चौसष्ट घरांवर सगळं उघडं आहे आणि तरीही डाव अवघड आहे, कारण वार पाच येणार असतात आणि आपले हात तीनच.

एक पाळी जवळून पाहू. पटाच्या मध्यावर एक विंचू आहे. त्याच्या उजव्या घरात वस्ती, आणि त्याचा वार त्या वस्तीवर रोखलेला. वस्तीच्या लगेच वरच्या घरात नाकतोड्यासारखा एक किडा बसलाय, त्याचं नाव लीपर. जीव एकच, पण वार तीनचा, आणि तो दुसऱ्या एका इमारतीवर टपलेला. पटाच्या कडेला एका घरातली माती हलतेय, तिथून नवा किडा निघणार. कोणाचा वार कितव्या क्रमांकाला होणार तेही खेळ सांगतो. विंचू पहिला, लीपर दुसरा.

नवखा खेळाडू विंचवावर तुटून पडतो. विंचवाचे जीव तीन, मुठीनं लढणाऱ्या मेकच्या ठोशानं दोन जातात, एक उरतो. त्यात ठोसा समोरच्याला एक घर मागे ढकलतो. डावीकडून मारला, तर विंचू जाऊन वस्तीवरच आपटतो आणि नुकसान आपल्याच हातून होतं. चार-पाच डाव हरल्यावर माणूस विंचवाला मारायचा नाद सोडतो आणि पटाकडे बघायला लागतो. तोफेचा मेक विंचवाच्या खालच्या रिकाम्या घरात गोळा टाकतो. त्या गोळ्याचा धक्का शेजारच्या चारही घरांतल्यांना बाहेरच्या बाजूला ढकलतो, म्हणून विंचू एक घर वर सरकतो. त्याचा वार त्याच्यासोबतच सरकतो, दिशा तीच राहते, उजवीकडे. पण आता उजवीकडे वस्ती नाही, लीपर आहे. क्रमांक पहिला विंचवाचा. तो नांगी मारतो, लीपर मरतो, आणि लीपरची पाळी येतच नाही. एका गोळ्यात दोन इमारती वाचल्या, आणि तो गोळा कोणाला लागलासुद्धा नाही. मुठीचा मेक जाऊन हलत्या मातीवर उभा राहतो. खालच्या किड्याचा धक्का अंगावर घेतो, एक जीव गमावतो, पण किडा वर येत नाही. तिसरा मेक अजून मोकळाच आहे.

ही पाळी सापडायला मला कधी अर्धा मिनिट लागतो, कधी पंधरा. सापडते तेव्हाचा आनंद निखळ असतो. इथे फासे नाहीत. 2012 मध्ये आलेला 'एक्सकॉम' हाही याच जातीचा गाजलेला खेळ, पण त्यात नेम लागण्याची टक्केवारी असते आणि 95 टक्क्यांचा नेमही चुकतो. 'इनटू द ब्रीच'मध्ये ठोसा मारला की तो लागणारच. नशिबाचा हात फक्त एका ठिकाणी आहे: वार झाला तरी इमारत कधीकधी तग धरते. नशीब आहे ते आपल्या बाजूचं, आणि त्याच्या भरवशावर कोणी खेळत नाही.

इमारतींना एवढं जपायचं कारण त्यांतली माणसं, आणि दुसरं कारण वीज. या खेळात मेक विजेवर चालतात. ती वीज ज्या ग्रिडमधून येते ती वस्त्यांमधून गेलेली आहे. इमारतीवर वार झाला की ग्रिडचा एक दांडा विझतो, आणि सगळे दांडे विझले की तिन्ही मेक धडधाकट उभे असले तरी डाव संपला. मेकना झालेल्या जखमा लढाई संपली की भरून निघतात. ग्रिड आपोआप भरून निघत नाही. पहिल्या बेटावरच्या निष्काळजीपणाचं ओझं तिसऱ्या बेटापर्यंत वाहावं लागतं. म्हणून मुरलेला खेळाडू मेकला मुद्दाम वाराच्या आड उभा करतो. लोखंड दुरुस्त होतं, लाईन गेली ती गेली.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात हे वेगळं समजावून द्यायची गरज नाही. भूजलाचा उपसा इथे मर्यादेबाहेर गेलेला आहे, बोअर खोल गेले आहेत, आणि आंबिया बहाराची फळं ऐन उन्हाळ्यात झाडावर असताना पंपाला थ्री फेज मिळणं म्हणजे वर्षाचं पीक मिळणं. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली की बाग उभी असते, पाणी विहिरीत असतं, आणि दोन्हींच्या मध्ये काहीच नसतं. जगातल्या हजारो खेळांत वीज म्हणजे कोपऱ्यातला एक आकडा असतो. इथे ती डावाचा प्राण आहे. हा खेळ मी पहिल्यांदा उघडला तेव्हा मला त्यातलं सगळ्यांत ओळखीचं काही वाटलं असेल तर ते हेच.

हा खेळ दोन माणसांच्या डोक्यातून आला: जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस. दोघं आधी शांघायमध्ये एका मोठ्या गेम कंपनीत नोकरीला होते. ती सोडून त्यांनी 'सबसेट गेम्स' उभी केली. 2012 मध्ये 'एफटीएल' हा अंतराळयानाचा खेळ पुरा करायला त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे 10 हजार डॉलर मागितले होते. लोकांनी 2 लाखांहून जास्त दिले. एवढ्या यशानंतर कोणीही त्याचाच दुसरा भाग काढला असता. यांनी तसं केलं नाही. चारेक वर्षं ते एका लहान पटावर घासत राहिले. सिनेमात महाकाय राक्षस आणि महानायक एकमेकांना शहरावर आपटतात, इमारती कोसळतात आणि त्याची कोणालाच पर्वा नसते, हे त्यांना खटकत होतं असं त्यांनी मुलाखतींत सांगितलेलं आहे. त्या खटकण्यातून विजेच्या ग्रिडचा नियम आला. खेळ बाहेर आल्यावर 2018 च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम डावपेचांच्या खेळाचा मान त्याला मिळाला, आणि पुढच्या वर्षी बाफ्टाचा नव्या कल्पनेसाठीचा पुरस्कारही.

पण मेकचं घराणं त्यांच्याही बरंच आधीचं आहे, आणि त्याची सुरुवात संगणकावर झालेली नाही. 1984 मध्ये शिकागोच्या 'फासा' कंपनीनं 'बॅटलड्रॉइड्स' नावाचा टेबलावर खेळायचा खेळ काढला. जॉर्डन वाइझमन आणि रॉस बॅबकॉक हे तिचे चालक. 'ड्रॉइड' या नावावर 'स्टार वॉर्स'वाल्यांनी हक्क सांगितला, म्हणून पुढच्या वर्षी खेळाचं नाव 'बॅटलटेक' झालं आणि तेच टिकलं. पट षटकोनी घरांचा. प्रत्येक मेकसाठी एक कागद, त्यावर हात, पाय, छाती, डोकं यांच्या चिलखतासाठी बारीक चौकोन. मार बसला की पेन्सिलीनं चौकोन खोडायचे. डाव्या हातावरचे चौकोन संपले की डावा हात गेला, आणि त्या हातावरची तोफही गेली. याच कागदामुळे खेळाडू आपल्या मेकच्या प्रेमात पडला. यंत्र म्हणजे एक आकडा न राहता वेगवेगळ्या अवयवांचं शरीर झालं.

त्या कागदावर वजनाचा हिशेब असे आणि इथेच बांधणीचा खरा नाद आहे. बॅटलटेकमध्ये मेक 20 टनांपासून 100 टनांपर्यंत असतात. सगळ्यांत हलक्यांपैकी एकाचं नाव 'लोकस्ट', म्हणजे टोळ, वजन 20 टन. 'ॲटलास' 100 टनांचा. सांगाडा ठरला की वजन ठरलं, मग त्या मर्यादेत काय बसवायचं ते तुम्ही बघा. मध्यम लेझर 1 टन. सगळ्यांत मोठी तोफ 14 टन, तिचा दारूगोळा वेगळा. उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा 1 टन. तोफ चढवली तर चिलखत उतरवा, चिलखत वाढवलं तर उड्या मारायचं यंत्र काढा. ज्यानं एकाच ट्रॅक्टरमागे सकाळी रोटावेटर आणि दुपारी फवारणीचा ब्लोअर जोडलाय, आणि इंजिनाची ताकद किती ओझं झेपवेल याचा अंदाज बांधलाय, त्याला या कामातली गोडी लगेच लागेल.

वाइझमन यांनी पुढे 'हेअरब्रेन्ड स्कीम्स' या कंपनीतून हाच खेळ संगणकावर आणला. 2015 मध्ये लोकांनी त्यासाठी 27 लाख डॉलरहून जास्त वर्गणी दिली, आणि 24 एप्रिल 2018 रोजी 'बॅटलटेक' बाहेर आला. 'इनटू द ब्रीच'नंतर दोनच महिन्यांनी. पुठ्ठ्यावरच्या पहिल्या डावाला तेव्हा 34 वर्षं होत होती. त्यात आपण भाडोत्री तुकडीचे मालक असतो. महिना संपला की चालकांचे पगार, मेकची देखभाल, दुरुस्तीचे दिवस आणि खर्च, आणि हे सगळं भागवायला पुढचं काम. लढाई जिंकूनही दिवाळं निघू शकतं. त्यातला उष्णतेचा नियम मला फार आवडतो. सगळी हत्यारं एकदम डागली की मेक तापतो, फार तापला की आतून जळायला लागतो, आणि त्याहून तापला की बंद पडून शत्रूसमोर नुसता उभा राहतो. वाळवंटात उष्णता सावकाश निघते. नदीत पाय बुडवून उभं राहिलं की भराभर निघते. त्यामुळे नकाशावरचा एखादा साधा ओढा लाख मोलाचा होतो, आणि मे महिन्यात वऱ्हाडात राहणाऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही.

दुसरी शाखा जपानची. फेब्रुवारी 1995 मध्ये सुपर फॅमिकॉम या यंत्रावर 'फ्रंट मिशन' आला. तोशिरो त्सुचिदा यांची कल्पना, 'स्क्वेअर'चं प्रकाशन, आणि 'फायनल फँटसी'मुळे जगाला माहीत झालेले योशिताका अमानो यांची चित्रं. त्यातल्या मेकना 'वांझर' म्हणतात. धड, डावा हात, उजवा हात, पाय, पाठीवरची पेटी, सगळं दुकानातून वेगवेगळं घ्यायचं आणि जोडायचं. पाय मोडले की वांझर खुरडतो, हात तुटला की त्या हातातलं हत्यार गेलं, धड गेलं की सगळंच गेलं. हफमन नावाच्या एका बेटावर दोन महासत्ता भिडल्यात आणि त्या युद्धाची किंमत कोण मोजतंय याची ती कथा आहे. या जातीच्या खेळांत इतकी गंभीर कथा क्वचितच सापडते. इंग्रजीत अधिकृतपणे यायला त्याला 2007 उजाडलं, आणि 2022 मध्ये तो नव्या रूपात पुन्हा आला. कथा हवी असेल तर इथून सुरुवात करावी.

'इनटू द ब्रीच'नं या दोन्ही घराण्यांतून बांधणी घेतली, पण मोजकी. तिथे टनांचा हिशेब नाही. 'रिअ‍ॅक्टर कोअर' नावाचे थोडे गाभे मिळतात. एक गाभा कोणत्या मेकमध्ये घालायचा, त्यानं हत्यार बळकट करायचं, जीव वाढवायचे की चाल लांब करायची, एवढाच प्रश्न. एक बेट वाचवलं की जमवलेल्या कीर्तीवर खरेदी करता येते: नवं हत्यार, नवा गाभा, किंवा ग्रिडची वीज. मी नेहमी आधी वीज घेतो. तरबेज खेळाडू याला भित्रेपणा म्हणतील. तुकड्याही वेगवेगळ्या आहेत. एक आगीवर जगते, एक शत्रूला गोठवते, एक ज्युडोतल्यासारखं उचलून पलीकडे फेकते. 'रस्टिंग हल्क्स' ही धुराची तुकडी माझी आवडती. धुरात सापडलेल्या किड्याला वार करता येत नाही, त्यामुळे योग्य घरात धूर सोडला की एकही गोळा न झाडता वस्ती वाचते. 2022 च्या वाढीव आवृत्तीत आणखी पाच तुकड्या आल्या आणि आधीच खेळ घेतलेल्यांना त्या फुकट मिळाल्या.

चालक मेला तर मेलाच. मेक पुढच्या लढाईला परत मिळतो, चालक मिळत नाही. आणि ग्रिड विझून सगळं हरलं, तर वाचलेल्या एका चालकाला काळाच्या मागे दुसऱ्या जगात पाठवता येतं. तो त्याचं शिकलेलं घेऊन नव्या डावात उतरतो. मागे राहिलेलं जग किड्यांच्या हाती जातं. खेळ ते लपवत नाही आणि त्यावर रडगाणंही गात नाही.

पटावरचे हे किडे झाले; मे 2020 मध्ये तर खरेखुरे टोळ वरूड-मोर्शीत आले होते. टाळेबंदीचे दिवस. मध्य प्रदेशातून सातपुडा ओलांडून वाळवंटी टोळांची धाड अमरावती जिल्ह्यात उतरली आणि पुढे वर्धा-नागपूरकडे सरकली. एक चौरस किलोमीटरच्या धाडीत 4 ते 8 कोटी टोळ असू शकतात. लोकांनी थाळ्या-डबे वाजवले, धूर केला, आणि धाड रात्री झाडांवर बसली की पहाटेच्या आत कृषी विभागानं ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं आणि अग्निशमनच्या बंबांनी फवारणी केली. त्या राखणीचे नियम उघडे होते. टोळ दिवसा उडतो आणि रात्री बसतो, वाऱ्याच्या दिशेनं जातो, आणि मादी अंडी घालते ती जमिनीत, म्हणजे पुढची पिढी मातीतूनच वर येते. कोण कुठून कुठे जाणार हे बरंचसं ठाऊक होतं. हात कमी होते आणि रात्र लहान होती.

'इनटू द ब्रीच'ला उणिवाही आहेत. कथा जेमतेम आहे. बेटांचे अधिकारी दोन-दोन वाक्यं बोलतात आणि वस्तीतल्या माणसांना चेहरा नाही. पुष्कळ डाव झाले की तेच पट परत आल्यासारखे वाटतात. काही तुकड्या इतक्या नाजूक आहेत, की नवख्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये. मराठी तर नाहीच. तरी खेळ बाणांनी आणि चित्रांनी बोलतो, त्यामुळे शाळकरी पोरंही तासाभरात पट वाचायला शिकतील. सुरुवात सोप्या पातळीवर आणि पहिल्या, 'रिफ्ट वॉकर्स' तुकडीनंच करावी. दोन बेटं राखली की शेवटची लढाई उघडते. चारही राखायचा हट्ट पहिल्या डावात नको. एक चाल चुकली तर मागे घेता येते, आणि प्रत्येक लढाईत एकदा अख्खी पाळी नव्यानं मांडता येते. ती सवलत शेवटच्या पाळीसाठी राखून ठेवावी.

महाराष्ट्रात खेळ घडवणारे हात आहेत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'नं 2020 मध्ये 'राजी' काढला आणि तो स्विचसकट जगभर खेळला गेला. मला हवा आहे तो खेळ त्याहून खूप लहान आहे. पट आठ बाय आठचा. सातपुड्याच्या बाजूनं टोळ उतरताहेत, एका कडेला वरूडची चुडामण नदी, मध्ये संत्र्याच्या बागा, दोन विहिरी, एक डीपी. आपल्याकडे तीन यंत्रं: ब्लोअर, बंब आणि धूर करणारं. डीपी पडली की विहिरी मुक्या. रात्रीची लाईन जेवढे तास, तेवढ्या पाळ्या. टोळ कोणत्या झाडावर बसणार ते बाणानं आधीच दाखवलेलं. यासाठी कंपनीची किंवा संगणकाची वाट बघायला नको. 'बॅटलड्रॉइड्स'सुद्धा कागद, पेन्सिल आणि सोंगट्यांवरच उभा राहिला होता. आलेखवहीचं एक पान, टोळांसाठी चिंचोके, यंत्रांसाठी तीन रंगांची बटणं आणि बाण काढून खोडायला पेन्सिल एवढं असलं, तर वरूडच्या कोणत्याही शाळेत मधल्या सुट्टीत पहिला डाव मांडता येईल.